डोके दुखते म्हणणारे मूल

मुलांच्या ज्या दोन तक्रारींवर मोठ्या माणसांचा सहसा विश्वास बसत नाही, त्या म्हणजे पोटदुखी आणि डोकेदुखी. ताप हाताला लागतो, पुरळ डोळ्यांना दिसते, मोडलेला हात सुजतो; परंतु डोके दुखते की नाही, हे त्या डोक्याच्या धन्यावाचून दुसऱ्या कोणास कळावे? म्हणूनच शाळेचा किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गाचा कंटाळा आला की मुलांस डोकेदुखी आठवते, अशी आपली समजूत असते. आमचीही तीच समजूत होती. ती कशी मोडली, हे आज सांगावयाचे आहे. आणि ते सांगताना आमची एक चूकही कबूल करावयाची आहे. दुसऱ्यांच्या चुका ऐकणे हे आमचे नेहमीचेच काम; तेव्हा कधी तरी आपली सांगण्यास संकोच का धरावा?

गोष्ट २०२३ सालच्या जून-जुलैमधील. आमच्या धर्मग्रामातील अकरा वर्षांचा एक मुलगा रविवारी सकाळच्या मिस्साच्या वेळी वेदीसेवक म्हणून येत असे. मुलगा चलाख आणि आज्ञाधारक. पावसाळा सुरू झाला आणि लागोपाठ दोन रविवारी तो मिस्सा संपताच कपाळ धरून बसला. "फादर, डोकं दुखतंय, वर्गाला बसू नको का?" असे त्याने विचारले. दुसऱ्या रविवारी आम्ही सर्व मुलांदेखत म्हणालो, "का रे, तुझ्या डोक्याला नेमका रविवारच सापडतो होय?" मुले हसली. तोही ओशाळून हसला आणि वर्गात जाऊन बसला. तिसऱ्या रविवारी त्याने काहीच तक्रार केली नाही. फक्त मेणबत्ती पेटविताना त्याचा हात दोनदा चुकला आणि पायरीवर तो अडखळला. आम्ही त्यावरही रागावलो. वेदीपाशी लक्ष नको का, म्हणून!

वाचकहो, त्याचे डोके रविवारीच दुखत नव्हते. ते रोज सकाळी दुखत होते. आम्ही त्याला रविवारीच पाहत होतो, एवढेच.

घरी त्याची आई रोज पाहत होती, परंतु तिचाही समज निराळा झाला होता. पोर सकाळी उठते, डोके धरते, एक उलटी करते आणि मग त्याला बरे वाटते. तेव्हा हे पित्तच, असे तिने ठरविले. कोकमाचे पाणी झाले, आल्याचा रस झाला, कोणी सांगितले म्हणून दृष्टही काढून झाली. आपल्याकडे डोके दुखून उलटी झाली की ते पित्त, हा निकाल घराघरांत इतका पक्का आहे की त्यावर अपील म्हणून नाही. शेवटी एका रात्री बारा वाजून गेल्यावर मुलाचा बाप धर्मगुरुनिवासाचे दार ठोठावू लागला. पोर झोपेतून डोके धरून उठले होते, दोनदा ओकले होते आणि आता नीट जागे राहत नव्हते. आम्ही गाडी काढली आणि भर पावसात बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात, ज्याला आपण सारे कॅज्युअल्टी म्हणतो त्या तातडीच्या विभागात, पोचलो.

तेथे आमच्या आधीच एक चौदा वर्षांची मुलगी आलेली होती. ती डोके दोन्ही हातांनी आवळून मोठमोठ्याने रडत होती, दिवा बंद करा म्हणून विनवीत होती, आणि तिचे नातेवाईक डॉक्टरांस हाका मारीत होते. आमचा मुलगा मात्र बापाच्या खांद्यावर गप्प पडून होता. तेथील परिचारिकेने दोघांकडे पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले आणि आमच्या मुलास आधी आत नेले. मुलीच्या वडिलांस राग येणे साहजिक होते. "आमची पोर तडफडतेय आणि मागून आलेल्याला आत घेता?" असे ते म्हणाले. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांसही ते थोडे पटले.

परंतु परिचारिकेचेच बरोबर होते. कॅज्युअल्टीतील क्रम हा येण्याच्या वेळेवर किंवा रडण्याच्या आवाजावर ठरत नसतो. कोणाचा जीव अधिक धोक्यात असू शकेल, यावर तो ठरतो. जे मूल जोराने रडते, आपण कोठे आहोत हे जाणते आणि विचारलेल्यास नीट उत्तर देते, त्याचा मेंदू निदान त्या घटकेस शाबूत काम करीत असतो. जे मूल गुंगीत जात आहे, त्याच्या गप्प राहण्याचीच डॉक्टरांस अधिक भीती वाटते.

आत डॉक्टरांनी काय केले तेही सांगतो. कारण पुष्कळांस वाटते की इस्पितळात नेले म्हणजे लगेच यंत्राखाली घालून फोटो काढतात. प्रथम त्यांनी प्रश्न विचारले. दुखणे किती दिवसांचे, दिवसाच्या कोणत्या वेळी, झोपेतून उठविते काय, उलटीने उतरते काय, चालताना तोल जातो काय, एकाची दोन दिसतात काय. आईने एकेका प्रश्नाला 'होय' म्हटले आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी रक्तदाब मोजला, मान वाकवून पाहिली, मुलाला स्वतःच्या नाकाला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला बोट लावावयास सांगितले, सरळ रेषेत चालवून पाहिले. तो चार पावलांतच कलला. शेवटी एका लहानशा दिव्याच्या उपकरणाने त्यांनी डोळ्याच्या आतला पडदा पाहिला. हे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे मांडले. डोळ्याची मज्जा मेंदूपासून निघते. कवटीच्या आतला दाब वाढला की तिचे टोक सुजते आणि ती सूज बुबुळातून आत डोकावले असता दिसते. आमच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांत ती सूज होती. मगच त्याचा सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या मागल्या बाजूस, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत, गाठ होती आणि तिने मेंदूतील पाण्याची वाट अडविली होती. आम्ही ज्याला बेपर्वाई म्हणून रागावलो तो मेणबत्तीपाशी चुकलेला हात म्हणजे त्या गाठीचीच खूण होती.

आणि ती मुलगी? तिच्याही तपासणीत डॉक्टरांनी कसूर केली नाही. तेच प्रश्न, तीच चाल, तोच डोळ्यांतला दिवा. सारे ठीक निघाले. तिचे असे दुखणे सहा-सात वेळा येऊन गेलेले होते. मधल्या दिवसांत ती ठणठणीत असे. परीक्षेच्या गडबडीत त्या दिवशी ती सकाळपासून नुसत्या चहावर होती. तिची आई म्हणाली, "मलाही लग्नाआधी असंच व्हायचं." हा अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा झटका होता. तिला उलटी थांबविणारे आणि वेदना शमविणारे औषध दिले, अंधाऱ्या कोपऱ्यात निजविले. पहाटे ती उठली ती भूक लागली म्हणतच. वडिलांनी स्कॅनचा आग्रह धरला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांस समजाविले की तपासणी निर्दोष असता आणि दुखण्याची रीत ओळखीची असता स्कॅनमधून हाती काही लागण्याचा संभव फारच थोडा. उलट सीटी स्कॅनमधील क्ष-किरण वाढत्या वयाच्या मुलांस निष्कारण देऊ नयेत.

त्या एका रात्रीने आम्हांस जो धडा दिला तो एका वाक्यात सांगता येईल. मुलाच्या डोकेदुखीत दुखण्याच्या जोरापेक्षा दुखण्याची सोबत पाहावी. एकटे आलेले दुखणे, कितीही रडविले तरी, बहुधा परत जाते. परंतु त्याच्यासोबत कोण कोण आले आहे, हे पाहिल्यावाचून दार लावून झोपू नये.

येथे आयाबापांस धीर देणेही आमचे कर्तव्य आहे. डोकेदुखी मुलांत अतिशय सामान्य आहे. स्वीडनमधील डॉक्टर बिल्ले यांनी उप्साला शहरातील सुमारे ९,००० शाळकरी मुलांची पाहणी करून ती १९६२ साली प्रसिद्ध केली. तीत वयाच्या ७ व्या वर्षापर्यंत १०० पैकी सुमारे ४० आणि १५ व्या वर्षापर्यंत सुमारे ७५ मुलांस डोकेदुखी होऊन गेल्याचे आढळले. इतक्या साऱ्यांच्या डोक्यात गाठी नसतात, हे उघड आहे. कॅज्युअल्टीत येणाऱ्या मुलांतही बहुतेकांचे दुखणे सर्दीपडशाचे, तापाचे किंवा अर्धशिशीचे असते. भयंकर कारण निघते ते थोड्यांत. आमच्या मुलासारखी मुले विरळाच. परंतु विरळ म्हणजे नाहीत असे नव्हे. म्हणून त्या थोड्यांस ओळखण्याच्या खुणा प्रत्येक घरी माहीत असाव्यात. त्या आम्ही क्रमाने देतो. हा कागद कापून कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटविल्यास हरकत नाही.

१. डोकेदुखीसोबत ताप आहे आणि मान ताठ झाली आहे, हनुवटी छातीस लागत नाही, मूल ग्लानीत आहे किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले आहेत.

२. दुखणे झोपेतून उठविते किंवा रोज पहाटे-सकाळी येते, उलटी होते, आणि आठवड्यागणिक वाढतच चालले आहे; खोकताना, शिंकताना, वाकताना अधिक होते.

३. चालताना तोल जातो, हात किंवा पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, एकाची दोन दिसतात, डोळा नव्याने तिरळा होतो, मूल असंबद्ध बोलते किंवा त्यास झटके येतात.

४. दुखणे एकाएकी, वीज पडावी तसे, मिनिटभरात कमालीचे होते. येथे मात्र जोरच सोबतीचे काम करतो.

५. झाडावरून, गाडीवरून किंवा जिन्यावरून पडल्यानंतर डोके दुखते आणि उलट्या, गुंगी, विसराळूपणा येतो, किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी येते.

६. पाच वर्षांखालील मूल वारंवार डोके दुखते म्हणते. अथवा ज्या मुलाच्या मेंदूतील पाण्यासाठी पूर्वी नळी बसविली आहे, किंवा जे रक्ताच्या वा प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी उपचार घेत आहे, त्याचे डोके दुखते. तान्ह्या मुलास सांगता येत नाही. त्याची टाळू फुगणे, ते सतत किरकिरणे आणि अंगावर पिण्याचे सोडणे, हीच त्याची तक्रार समजावी.

७. बंद खोलीत शेगडी पेटविली असता किंवा न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असता घरातील दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखू लागते. हा विषारी वायूचा परिणाम असू शकतो. प्रथम सर्वांस उघड्या हवेत आणावे, आणि मग इस्पितळ गाठावे.

यांपैकी एकही खूण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. झटके आलेल्या किंवा गुंगीतल्या मुलास कुशीवर निजवावे. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये.

आता दोन भयांविषयी. ताप, ताठ मान आणि डोकेदुखी असता मेंदूच्या आवरणाची सूज आहे की काय, हे पाहण्यासाठी डॉक्टर कमरेतून पाणी काढण्याची परवानगी मागतात. आमच्या गावांत या नावानेच घरे हादरतात. 'पाठीतलं पाणी काढलं की पोर पांगळं होतं,' हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल! तपासणी १८९१ साली जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरांनी रूढ केली. म्हणजे ती काही नवी टूम नव्हे. सुई घालतात ती मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, त्यामुळे रज्जूस इजा होण्याची भीती जवळजवळ नसते. त्यानंतर एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते, इतकेच. पांगळेपणा, बहिरेपण किंवा मृत्यू येतो तो त्या सुजेमुळे, आणि ती ओळखण्यास उशीर झाल्यामुळे. पाण्यावरून कोणत्या जंतूची लागण आहे, क्षयाची आहे काय, हे कळते आणि औषध नेमके पडते. परवानगी नाकारून पोरास घरी आणणारे आईबाप प्रेमापोटीच तसे करतात. परंतु ते प्रेम पोरास महाग पडते. याच आजारांस दूर ठेवण्यास बीसीजी, पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लशी मदत करतात; त्यांचे कार्ड पूर्ण आहे काय, तेही पाहावे.

दुसरे भय जंतांच्या गाठीचे. फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत लहान गाठी होतात. मग झटके येतात आणि डोके दुखते. आमच्या घरांत डुकराचे मांस शिजते, म्हणून हे ध्यानात घ्यावे. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने कृमी आतड्यात वाढतो; परंतु मेंदूत जाणारी अंडी पोटात जातात ती कृमी झालेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांतून आणि मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून वा भाजीतून. म्हणून मांसाला कधी न शिवणाऱ्यासही हा रोग होतो. मांस पुरते शिजवावे, कच्ची भाजी नीट धुवावी, शौचानंतर साबणाने हात धुवावेत.

औषधांविषयी थोडे. मुलाच्या तापास वा डोकेदुखीस पॅरासिटामॉल पुरते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलास एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसरात्रीत चारहून अधिक मात्रा देऊ नयेत. पातळ औषध कमी-अधिक तीव्रतेच्या बाटल्यांत मिळते, म्हणून 'एक चमचा' असे न मोजता बाटलीवरील आकडा वाचावा. ॲस्पिरिन, म्हणजे डिस्प्रिनसारखी गोळी, मुलांस देऊ नये. कांजिण्या किंवा फ्लूच्या तापात ती दिल्याने यकृत आणि मेंदू बिघडविणारा एक घातक विकार होऊ शकतो. त्याचे वर्णन ऑस्ट्रेलियातील डॉक्टर राय यांनी १९६३ साली केले आणि त्याला त्यांचेच नाव पडले. नायमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांस देण्यास आपल्या सरकारने २०११ साली बंदी केली आहे. डेंग्यूचा संशय असता ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन दोन्ही टाळावीत. आणि एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. वेदनेच्या गोळ्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवस घेत राहिल्याने डोकेदुखी उलट जडते. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून अधिक गोळी लागू लागली, तर दुकानदारास न विचारता डॉक्टरांस विचारावे.

अर्धशिशीच्या मुलांस मोठा उपाय घरातच आहे. मुलांची अर्धशिशी नेहमी अर्ध्या डोक्यातच असते असे नाही. ती पुष्कळदा साऱ्या कपाळभर दुखते, काही तास राहते, मूल पांढरे पडते, अंधार मागते आणि झोपून उठले की हसू लागते. अशा मुलाने न्याहारी चुकवू नये, पाणी भरपूर प्यावे, ठरल्या वेळी निजावे व उठावे, रात्री अंथरुणात मोबाइल घेऊ नये, उन्हात टोपीवाचून खेळू नये. डोळ्यांचा नंबर तपासून घ्यावा. परंतु प्रत्येक डोकेदुखी चष्म्याने जात नाही, हेही जाणावे. २०१७ साली अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत काहींस रोज अर्धशिशी रोखणारी औषधे आणि काहींस औषध नसलेली गोळी दिली. औषधाविना गोळी घेणाऱ्या १०० पैकी ६१ मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. खरी औषधे घेणारी मुले त्यांच्यापुढे गेली नाहीत. याचा अर्थ त्यांचे दुखणे खोटे होते असा कोणी करू नये. अर्थ इतकाच की मुलांच्या अर्धशिशीला उतरण्याची वाट पुष्कळ वेळा सापडते.

शेवटी एक सूचना. ज्या मुलाचे डोके वरचेवर दुखते, त्याच्या घरी एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस, किती वाजता, किती वेळ दुखले, काय खाल्ले होते, कसे उतरले, सोबत काय होते, हे दोन ओळींत लिहावे. मूल मोठे असल्यास त्यालाच लिहू द्यावे. आमच्या मुलाच्या आईकडे अशी वही असती, तर 'रोज सकाळी, उलटीसह' हे शब्द तिसऱ्याच दिवशी तिच्या डोळ्यांपुढे आले असते.

त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. गाठ पसरणाऱ्या जातीची नव्हती आणि ती जवळजवळ सारी काढता आली. पुढे काही महिने त्याला भिंत धरून चालावे लागले. आज तो शाळेत जातो, ठरल्या वेळी पुन्हा तपासणीस जातो आणि रविवारी मेणबत्त्याही पेटवितो. तो पहिल्यांदा वर्गात परत आला त्या दिवशी, ज्या मुलांदेखत आम्ही त्याची चेष्टा केली होती, त्याच मुलांदेखत आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पूर्वीसारखाच ओशाळून हसला. तेव्हापासून वर्गात कोणी डोके दुखते म्हणाले, तर आम्ही आधी त्याच्याजवळ बसतो आणि विचारतो, "कधीपासून रे बाळा? आणि अजून काय होतं?" दहांतील नऊ वेळा उत्तर निघते ते न्याहारी न केल्याचे. मग पेज आणि पाण्याचा तांब्या पुरतो. ज्या एका वेळी निराळे उत्तर येईल, त्या वेळी ते ऐकावयास आम्ही जवळ असावे, एवढेच.